श्रीच्या मापाचा पन्हा

वामनराव पराते नागपुरात राहत आणि त्यांचा संसार गोंडपिपरीला. म्हणजे गोळीबार चौकाजवळच्या दोन खोल्या, भांडीकुंडी, पलंग, देव, सगळं नागपुरातच होतं. फक्त बायको तिकडे होती, आणि ती वजा केल्यावर जे उरतं त्याला संसार म्हणायला वामनराव तयार नव्हते. दोघंही एकाच हातमाग मंडळाच्या नोकरीत. वामनराव मुख्य कचेरीत आस्थापना शाखेचे वडील कारकून आणि कौशल्याबाई मंडळाच्या विणकाम केंद्रात शिक्षिका. नऊ वर्षांपूर्वी मंडळाने कौशल्याबाईंना 'सहा महिन्यांपुरतं' गोंडपिपरीला धाडलं होतं. मंडळाचे ते सहा महिने अजून संपायचे होते.

नोकरी सोडावी असं दोघांच्याही मनात आळीपाळीने येई. पण पक्की नोकरी आपणहून सोडणारा माणूस दोघांच्याही घराण्यात कोणी पाहिला नव्हता. तेव्हा महिन्यातून एका शनिवारी वामनराव पहाटे निघत, चंद्रपूरला गाडी बदलत आणि दुपारी चारच्या एसटीने गोंडपिपरीला उतरत. स्टँडवर लिंबाखाली कौशल्याबाई उभ्या असत.

"केव्हाची उभी हायेस वं?"

"आत्ताच तं आली जी."

बाई वेळेची पक्की, याचं वामनरावांना कौतुक वाटे. रविवारी दुपारी परतीची गाडी. कधी तपासणी निघे, कधी बैठक. मग ते जात नसत, आणि जात नसल्याचं कार्ड त्यांच्या न जाण्यानंतर दोन दिवसांनी पोचे.

दर वर्षी कौशल्याबाई बदलीचा अर्ज करत. ठिकाण एकच, हिंगणा. नागपुरातल्या बर्डीवरून बस धरली की पाऊण तासात हिंगणा. सकाळी डबा घेऊन जावं आणि दिवेलागणीला घरी यावं. एवढंच मागणं होतं. पण दर वर्षी हिंगण्याच्या जागेला कोणाचा तरी भाचा किंवा कोणाची तरी वहिनी आडवी येई, आणि त्या बदलीचा आदेश वामनरावांनाच स्वतःच्या हाताने लिहावा लागे. अक्षर त्यांचं फार सुरेख होतं.

त्र्याऐंशी साली मंडळाला शरच्चंद्र साहेब नवे संचालक म्हणून मिळाले. त्यांना माणसांवर विश्वास नव्हता, यंत्रांवर होता. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "यंदाच्या बदल्या कॉम्प्युटर करील. यंत्राला मामा नसतो. जी यादी येईल ती अंतिम. त्यातलं एक अक्षर बदलणार नाही!" सगळे अर्ज त्यांनी आपल्या कपाटात घातले, किल्ली खिशात टाकली आणि त्यातला मजकूर स्वतःच आकड्यांच्या खुणांत बदलून दिला. कचेरीतल्या भाच्यांचे चेहरे पडले. वामनरावांना मात्र इतकी आशा वाटली की त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी परत गेला. नऊ वर्षांत माणसांनी जे दिलं नाही ते कदाचित यंत्र देईल.

कॉम्प्युटर सिव्हिल लाइन्समधल्या एका केंद्रात होता. वामनरावांना तिथे मदतनीस म्हणून नेमलं. बाहेर मे महिना भाजत होता आणि आत अंगावर काटा येईल असा गारवा. दारातच चपला काढायला सांगितल्या. चपला काढायच्या म्हणजे आत काहीतरी पूज्य असणार, हे वामनरावांनी तिथेच ओळखलं.

यंत्राला सूचना देणारा जागेश्वर हा मौद्याचा मुलगा नुकताच शिकून आलेला होता. त्याने वामनरावांना कार्डं भोकायला, म्हणजे कार्डावर भोकं पाडून अक्षरं उमटवायला शिकवलं. एका कार्डावर एक ओळ, सगळं इंग्रजीत. "काका, हा गठ्ठा वरून खाली यंत्र वाचते. 'ठिकाण' नावाचा एक डबा हाये म्हणा. या ओळीत सांगतलं की एक नंबर असला तं डब्यात गोंदिया टाक. दुसऱ्या ओळीत, दोन नंबर असला तं गोंडपिपरी टाक. असं."

वामनराव ऐकत होते, पण त्यांचं लक्ष गठ्ठ्याच्या वरच्या कार्डावर होतं. "जागेश्वर, याच्यावर श्री नाई?"

"कशाले पाह्यजे काका?"

"कशाले म्हंजे? सुरुवात हाये ना गा!"

वामनरावांनी बावीस वर्षांत श्रीशिवाय कागद सुरू केला नव्हता. रजेचा अर्ज असो, किराण्याची यादी असो, धोब्याकडे टाकलेल्या कपड्यांची यादी असो, डोक्यावर श्री असेच. घर विणकरांचं, मागावर ताण्याचे उभे धागे चढवताना हळदकुंकवाचं बोट लावल्याशिवाय त्यांच्या वडिलांनी धोटा हातात धरला नव्हता. आणि इथे साडेतीनशे माणसांच्या नशिबाचा गठ्ठा उघड्या डोक्याने यंत्रात जाणार! त्यात कौशल्या होती. जागेश्वर चहाला गेला तेव्हा वामनरावांनी एक कोरं कार्ड घेतलं, त्यावर इंग्रजीत श्री भोकली आणि गठ्ठ्यावर ठेवली.

यंत्राने ते कार्ड चूक म्हणून परत केलं. यंत्र नास्तिक निघालं.

पण वामनराव सरकारी पत्रव्यवहारात मुरलेले होते. एखादी गोष्ट वरच्याला पटत नसेल तर ती त्याच्याच नमुन्यात लिहून द्यायची, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खालच्या कार्डाची ओळ निरखली. 'ठिकाण', मग बरोबरचं चिन्ह, मग दोन अवतरणांत गावाचं नाव. त्यांनी तशीच ओळ भोकली, फक्त गावाच्या जागी श्री. ठिकाण बरोबर श्री. अर्थाच्या दृष्टीनेही त्यांना हे फार चांगलं वाटलं, शेवटी सगळ्यांचं ठिकाण तेच. यंत्राने ते कार्ड निमूट गिळलं. वामनरावांनी हात जोडले आणि चहाहून परतलेल्या जागेश्वरला काही सांगितलं नाही.

यादी छापायला लावून जागेश्वर त्याच संध्याकाळी बहिणीच्या लग्नाला मौद्याला गेला, तो पंधरा दिवसांच्या रजेवर. दुसऱ्या दिवशी यादी शरच्चंद्र साहेबांच्या टेबलावर आली. तिच्यात माणसांची नावं पूर्ण होती, पण गावं सगळी चार इंग्रजी अक्षरांची. उमरेड शेवटच्या अक्षरावाचून, रामटेकचा नुसता रामट, ब्रह्मपुरीचं तर ब्रह्मही अर्धं. मंडळाच्या सगळ्या केंद्रांत एकटी आर्वी तेवढी धडधाकट होती, कारण ती इंग्रजीत मुळातच चार अक्षरांची.

"साहेब, हे गावं तुटले जी," वामनराव म्हणाले.

साहेबांनी यादी जवळ धरली, लांब धरली. अंतिम म्हणून जाहीर केलेल्या यादीत दोष निघणं त्यांना परवडणारं नव्हतं. "तुटली नाहीत, संक्षेप आहे. यंत्र वेळ वाया घालवत नाही. पुढचं समजून घ्यायचं असतं. बावीस वर्षं नोकरी झाली ना तुमची? मग समजून घ्या आणि आदेश काढा."

पुष्कळ गावं समजली. पण जी ओ एन डी म्हणजे गोंदिया की गोंडपिपरी? यादीत तसे दोघं होते. साहेब म्हणाले, "ज्याचं नाव वर त्याला वरचं गाव." नकाशात गोंदिया वर होतं. अशा रीतीने देवराव हेडाऊ, ज्यांचं घर, विहीर आणि बायको गोंदियाला, ते खाली गोंडपिपरीला गेले.

मग एच आय एन जी. तेही दोघं होते. एक प्रेमिलाबाई आणि दुसऱ्या कौशल्याबाई. एका हिंगला हिंगणा होता आणि दुसऱ्या हिंगला हिंगणघाट. प्रेमिलाबाईंची नोकरी सतरा वर्षांची, कौशल्याबाईंची सोळा. म्हणजे ज्येष्ठतेने हिंगणा कोणाचा हे सरळ दिसत होतं. विचारावं तर साहेब दौऱ्यावर निघून गेले होते. वामनरावांनी टाक शाईत बुडवला. शाई वाळली. पुन्हा बुडवला. शेवटी त्यांनी कौशल्याबाईंच्या नावापुढे 'हिंगणा' लिहिलं. त्यांच्या उभ्या नोकरीत हा एकच शब्द वेडावाकडा आला.

कौशल्याबाई जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रंक, वळकटी आणि एक छोटा चरखा घेऊन घरी आल्या. नऊ वर्षांनी वामनरावांच्या घरात दोन कप विसळले जाऊ लागले. बाईंनी पहिल्याच दिवशी मिठाचा डबा हलवला आणि वामनरावांना तो तीन दिवस सापडला नाही. पण डबा कुठे आहे हे ओरडून विचारायला घरात माणूस आहे, म्हणून ते मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारत. संध्याकाळी ते बर्डीला जाऊन हिंगण्याच्या बसची वाट पाहत. ती उतरली की तिच्या हातातला डबा घेत आणि दोघं चालत घरी येत. एवढं सुख आपल्याला पेलेल की नाही अशी त्यांना धास्ती वाटे, आणि ती धास्ती खरी होती, कारण सकाळी कचेरीत बाकावर देवराव बसलेले असत.

देवराव भांडत नसत. भांडले असते तर वामनरावांना बरं वाटलं असतं. ते नुसते डबा घेऊन बसत. "वामनराव, दोनच वर्षं राहिले जी माये नोकरीचे. घरवाली आंगण झाडून बसली होती तिकडं. एकदा बगा ना यादी." आणि डब्यातला भाकरीचा तुकडा पुढे करत. "घ्या. तुमी बी काहीच खाल्लं दिसत नाई."

प्रेमिलाबाई तर हिंगणघाटला रुजू होऊन गप्पच बसल्या होत्या. ती गरीब बाई मुकाट सोसते आहे, या विचाराने वामनरावांना अधिकच कानकोंडं होई.

पंधरा दिवसांनी जागेश्वर लग्नाचे लाडू घेऊन आला. यादी पाहून त्याचा लाडू हातातच राहिला. त्याने गठ्ठा मागवला, वरचं कार्ड उचललं आणि उजेडात धरलं.

"काका, हे श्री कोणं टाकली?"

वामनरावांच्या तोंडात लाडू होता.

"अजी, यंत्राले आपण डब्याची लांबी सांगतली नाई, तं पयलं जे नाव दिसते त्याच्याच मापाचा डबा ते बनवते. मंग पुढचं नाव कितीबी मोठं असो, डब्यात मावन तेवढं ठेवते, बाकी फेकून देते. कुरकुर बी करत नाई. तुमची श्री इंग्रजीत चार अक्षरांची. झाले सारे गाव चार अक्षरांचे!" मग तोही खजील झाला. "माया बी पुस्तकातलं ते पान वाचाचं राहिलं होतं. गोंदिया पयलं असतं तरी हिंगणघाट तुटलंच असतं. लग्नाच्या गडबडीत होतो मी."

त्या संध्याकाळी वामनरावांनी कौशल्याबाईंना सगळं सांगितलं. श्री, डबा, देवरावांची भाकरी आणि तो वाळलेला टाक. साहेबांना जी गोष्ट समजून घ्यायला पुढे दोन दिवस लागले ती बाईंना एका वाक्यात समजली.

"पन्हाच हाये तो. ताणा चढवतानी फणी जेवढी घेतली तेवढाच कपड्याचा पन्हा. मंग विणणारीनं कितीबी जीव टाकला तं काठाच्या बाहेर धागा जाते का?" मग म्हणाल्या, "उद्या साहेबाले सांगून टाका."

"सांगतलं तं यादी पुन्हा निघन. हिंगणा प्रेमिलाबाईचा हाये, कौशल्या. तू हिंगणघाटले जाशीन."

"जाईन."

"नऊ वर्षं वाट पाह्यली आपण!"

"तिकडं देवरावची बायको आंगण झाडून बसली हाये ना जी. आनं तुमी कुठं वाट पाह्यली? तुमी गाडीत बसून येत होते. येणाऱ्याले वाट नसते पाहा लागत, रस्ता कापा लागते." वामनरावांना हे फार लागलं. बाईंच्या ते ध्यानात आलं, पण शब्द त्यांनी परत घेतला नाही. "दुसरीच्या हक्काच्या मागावर माया हात चालत नाई. आठ दिवस झाले, धागा तुटूनच राहिला हाये."

दुसऱ्या दिवशी वामनराव साहेबांपुढे उभे राहिले आणि श्रीपासून शाईपर्यंत सगळं कबूल केलं. साहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. गेले पंधरा दिवस तक्रारींनी त्यांना झोप नव्हती.

"म्हणजे यंत्र चुकलं नाही?"

"नाई साहेब."

"माणूस चुकला!"

"हो जी. मीच चुकलो."

"शाबास!" साहेब टाळीच देणार होते. त्यांनी वामनरावांसाठी चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत त्यांना आपण रागवायला हवं हे आठवलं. "हा गंभीर गुन्हा आहे, पराते. तुमचीही बदली होईल. पण मी करणार नाही, मी पक्षपात करत नाही. तुमचं नाव यादीत घाला. यंत्र ठरवील." कारकुनाची रिकामी जागा साऱ्या मंडळात एकच होती, तेव्हा यंत्राने ती बिनचूक निवडली असती यात शंका नव्हती.

नवा गठ्ठा लावताना जागेश्वर वामनरावांकडे पाहून म्हणाला, "काका, श्री घालाची असन तं घाला. पण जरा लांब घाला." त्याला डब्याची लांबी सरळ सांगून देता आली असती, पण काकांचं मन मोडवेना. वामनरावांनी पहिल्या कार्डावर 'श्री गजानन प्रसन्न' भोकलं. मधल्या जागा धरून एकवीस घरं. त्यात विदर्भातलं कुठलंही गाव हातपाय पसरून झोपलं असतं.

यादी आली. देवराव हेडाऊ, गोंदिया. देवरावांनी बाकावरचा रिकामा डबा उचलला आणि वामनरावांच्या पायाला हात लावायला वाकले. त्यांना आवरताना दोघांच्याही टोप्या पडल्या. मग प्रेमिलाबाई. हिंगणघाट. मग कौशल्याबाई. हिंगणा.

वामनरावांनी ओळ तीनदा वाचली. साहेबांनी कपाट उघडून अर्ज काढला. प्रेमिलाबाईंचं माहेर हिंगणघाटचं होतं. त्यांनी तेच मागितलं होतं, आणि मिळालं म्हणून त्या गप्प होत्या. कौशल्याचा हिंगणा पहिल्यापासून कौशल्याचाच होता. ज्या शब्दापायी वामनरावांची भूक गेली तो शब्द खरा होता. त्यांना इतका आनंद झाला की यादीची शेवटची ओळ वाचायचं राहून गेलं. ती जागेश्वरने हळूच बोटाने दाखवली.

वामनराव पराते, वडील कारकून. गोंडपिपरी. इंग्रजी नऊच्या नऊ अक्षरं छापली होती, एकही तुटलं नव्हतं.

वामनराव ज्या दिवशी निघाले त्या दिवशी कौशल्याबाई त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला आल्या. नऊ वर्षांनी ती घरी आली, आणि ती आली तर आता मी चाललो, हा हिशेब त्यांना काही केल्या जुळेना. बाईंनी लोणच्याची बरणी दिली आणि म्हणाल्या, "जनाबाईचीच खोली घ्या. माया खुंट्या हायेत तिथं." गाडी हलली तेव्हा दोघंही रडली, आणि दोघांनीही ऊन लागलं असं सांगितलं.

कौशल्याबाईंची घरमालकीण जनाबाई, तिच्या त्या खोलीत वामनराव शंभरदा राहिले होते, पण पाहुण्यासारखे. आता पहिल्यांदा त्यांनी दाराच्या मागे पाहिलं. एका खिळ्याला नऊ वर्षांची नऊ कॅलेंडरं एकावर एक टांगलेली होती. दर महिन्याला एका शनिवारभोवती काजळाचा गोल. काही गोल पुसून पुढच्या शनिवारी नेले होते, तेही पुसून त्याच्या पुढच्या. एकोणऐंशीच्या पावसाळ्यात गोल अडीच महिने तसाच पुढे सरकत गेला होता. ते तपासणीचं वर्ष वामनरावांना आठवलं. मग दहावं कॅलेंडर त्याच खिळ्याला टांगून त्यांनी पेन्सिल शोधली.

कौशल्याबाईंचं कार्ड आलं. डोक्यावर श्री. 'शनिवारी चारच्या गाडीने येते. उन्हात उभे राहू नका.'

शनिवारी वामनरावांनी भात केला, तो करपला, पुन्हा केला. खोली दोनदा झाडली. अकरा वाजता टोपी घालून ते बाहेर पडले. जनाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"कुठं निंगाले जी?"

"स्टँडवर. चारच्या गाडीनं ती येऊन राहिली."

जनाबाईने वर पाहिलं नाही. "बाई बी तुमच्यासारखीच. तुमी येनार असले की अकरा वाजताच जाये. म्या किती डाव म्हनलं, वं माय, गाडी चारले हाये, जेवून तं जा. आयकेच ना. म्हने, लवकर आली तं?"

वामनराव स्टँडवर गेले आणि लिंबाखाली उभे राहिले. बसायला दगड होता, पण बसावंसं वाटेना. बाराची गाडी आली, तिच्यात कोणी नव्हतं, तरी त्यांनी सगळ्या खिडक्या पाहिल्या. दोनची आली, तीही पाहिली. सावली सरकली तसे ते सरकले. लिंबाच्या बुंध्याला एका जागी साल घासून गुळगुळीत झाली होती. त्यांनी तिथेच पाठ टेकवली.

चारची गाडी साडेचारला आली. कौशल्याबाई डबा सांभाळत उतरल्या, पदराने घाम पुसला आणि त्यांच्या तापलेल्या, लाल तोंडाकडे निरखून पाहिलं.

"केव्हाचे उभे हाये जी?"

"आत्ताच तं आलो," वामनराव म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातातला डबा घेतला.